ट्रेलर नको, शेवट सांगा: रिसर्च पेपरचा ॲबस्ट्रॅक्ट कसा लिहितात?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं', 'हां' तेवढे काढलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना?

आजचा भाग खास करून इंजिनिअरिंगच्या फायनल इयरवाल्यांसाठी, एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी आणि नुकतंच पीएचडीला लागलेल्यांसाठी आहे. पण तुम्ही यातले कुणीच नसाल तरी थांबा. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' असा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर आला की काय करायचं, तेही शेवटी सांगणार आहे.

बऱ्याच जणांचा प्रश्न साधारण असा असतो: "प्रोजेक्ट झालाय, रिपोर्ट लिहून झालाय, कॉन्फरन्सला पेपर पाठवायचाय. फक्त ॲबस्ट्रॅक्ट राहिलाय. तो पटकन कसा उरकायचा?"

तर पहिली गोष्ट, तो उरकू नका. तुमच्या चाळीस पानी रिपोर्टमधला बहुतेकांनी वाचलेला असा तेवढाच एक परिच्छेद असणार आहे.

आधी, हे प्रकरण काय आहे?

रिसर्च पेपरच्या सुरुवातीला, नावाच्या आणि लेखकांच्या खाली, एक छोटा परिच्छेद असतो. दीडशे ते अडीचशे शब्दांचा. तो म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट. आयट्रिपलईच्या जर्नल्समध्ये साधारण एवढीच मर्यादा असते. 'नेचर'मध्ये साधारण २०० शब्द. आणि 'आर्काइव्ह' नावाचा जो ऑनलाइन साठा आहे, ज्याच्या स्पेलिंगमध्ये मधेच एक्स येतो तो, तिथे १,९२० अक्षरांच्या पुढे बॉक्स घेतच नाही.

मराठीत याला छान शब्द आहे: गोषवारा. हिशेबातला शब्द आहे हा. जमाखर्चाच्या वहीच्या शेवटी किंवा बजेटच्या सुरुवातीला गोषवारा असतो. आता बघा, जमाखर्चाच्या गोषवाऱ्यात कुणी 'यंदाचा खर्च अत्यंत उल्लेखनीय होता' असं लिहितं का? नाही. तिथे आकडा असतो. किती आले, किती गेले, किती उरले. पेपरच्या गोषवाऱ्याकडूनही तीच अपेक्षा आहे. आणि गंमत म्हणजे हा शब्द फारसीतून आलाय, त्यातला 'गोश' म्हणजे कान. पॉडकास्टवाल्यांना आवडण्यासारखं आहे ना?

पूर्वी प्रत्येक पेपरला ॲबस्ट्रॅक्ट नसायचा. डीएनएची दुहेरी पिळाची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा पेपर २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये आला. पेपर जेमतेम पानभराचा, त्याला वेगळा ॲबस्ट्रॅक्ट नव्हता. तेव्हा अंक हातात यायचा आणि लोक तो चाळायचे.

आज तसं नाही. आर्काइव्ह १९९१ मध्ये सुरू झालं, पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा शोध १९९७ पासून सगळ्यांना फुकट मिळाला, आणि आता रोज इतके पेपर येतात की कुणीच सगळे वाचू शकत नाही. मग वाचक काय करतो? नाव बघतो. नाव बरं वाटलं तर ॲबस्ट्रॅक्ट बघतो. तो पटला तरच पेपर उघडतो. आणि कितीतरी वेळा पटला तरी उघडता येत नाही, कारण पुढचं सगळं पैसे भरल्याशिवाय दिसत नाही. छोट्या गावातल्या कॉलेजातल्या मुलीला, ज्या कॉलेजात त्या जर्नलची वर्गणी नाही, तिला तुमच्या कामातलं फक्त तेवढंच दिसणार आहे. पेपर कुणाकडे तपासायला द्यायचा हे ठरवणारा एडिटरही आधी तेच वाचतो.

म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट एकटा फिरतो. त्याच्या मागे तुमचा रिपोर्ट उभा नसतो. म्हणून त्याला एकट्यानं उभं राहता आलं पाहिजे.

ट्रेलर आणि ॲबस्ट्रॅक्ट

इथे बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे पेपरचा ट्रेलर. उत्सुकता वाढवायची, शेवट लपवायचा, 'पुढे काय झालं ते जाणून घेण्यासाठी पेपर वाचा'. 'निष्कर्षांची चर्चा पेपरमध्ये केली आहे' हे वाक्य तुम्ही पाहिलंच असेल. ही झाली ट्रेलरची भाषा. वाचणाऱ्याला निष्कर्ष हवा होता, आणि तुम्ही त्याला सांगितलंत की निष्कर्ष आहे.

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे अख्खा सिनेमा दोन मिनिटांत सांगणारा मित्र. 'खुनी कोण?' विचारलं की तो नाव सांगतो. स्पॉयलर देणं हेच त्याचं काम आहे.

त्यासाठी पाच प्रश्न लक्षात ठेवा. बोटांवर मोजा:

एक, अडलं कुठे होतं? म्हणजे आत्तापर्यंत काय माहीत नव्हतं किंवा काय जमत नव्हतं.
दोन, तुम्ही काय केलं?
तीन, कसं केलं? किती नमुने, किती दिवस, कशाशी तुलना.
चार, काय सापडलं? आकड्यासकट.
पाच, मग काय? यातून किती म्हणता येतं, आणि किती म्हणता येत नाही.

हे पाचही प्रश्न प्रत्येक विषयात याच क्रमानं येतात असं नाही. पण एखाद्याचं उत्तरच नसेल तर वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. सगळ्यात जास्त वेळा गायब असतो तो चौथा. आणि सगळ्यात जास्त फुगवलेला असतो पाचवा.

एक खरा ॲबस्ट्रॅक्ट उघडून बघू

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही. एक खरा घेऊ, आणि साधासुधा नको, मोठाच घेऊ. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा थेट पकडल्या गेल्याचा लायगोचा पेपर. ११ फेब्रुवारी २०१६ ला 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. हजाराहून जास्त लेखक. आइन्स्टाइननं १९१६ मध्ये मांडलेली गोष्ट शंभर वर्षांनी सापडली. एवढं मोठं काम असताना तुम्ही सुरुवात कशी केली असती? 'मानवाला प्राचीन काळापासून विश्वाचं कुतूहल आहे...' अशी? निबंध स्पर्धेत केली असती कदाचित.

त्यांचं पहिलंच वाक्य तारीख आणि वेळ सांगतं. १४ सप्टेंबर २०१५, जागतिक प्रमाणवेळेनुसार ९ वाजून ५० मिनिटं ४५ सेकंद, लायगोच्या दोन्ही यंत्रांनी एकाच सुमारास गुरुत्वीय लहरींचा क्षणिक संकेत पाहिला. बस. आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंद झाले होते, आणि गणपती बसायला तीन दिवस होते. पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाक्य आहे: कधी, कुठे, काय.

दुसरं वाक्य: संकेत दिसायला कसा होता. त्याची वारंवारता ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. ताण सगळ्यात जास्त किती होता, तर एकावर एकवीस शून्यं द्या आणि तितक्या भागांमधला एक भाग. लायगोच्या यंत्राचे हात चार किलोमीटरचे आहेत. त्या चार किलोमीटरमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या आकाराच्या काहीशेव्या भागाएवढा. पण 'अद्भुत' हा शब्द ॲबस्ट्रॅक्टमध्ये नाही. आकडा दिला, अद्भुत आपल्याला आपोआप वाटतं.

तिसरं वाक्य: हा संकेत कशाशी जुळतो? दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि उरलेलं एक कृष्णविवर शांत होतं, त्यासाठी सापेक्षता सिद्धांतानं सांगितलेल्या आकाराशी.

चौथं वाक्य माझं आवडतं आहे. तुमच्या मनात जी शंका येणार, तीच ते घेतात: हा नुसता यंत्रातला गोंगाट कशावरून नाही? उत्तर: केवळ योगायोगानं असा संकेत दिसण्याची शक्यता २ लाख ३ हजार वर्षांत एकदा, त्याहूनही कमी. म्हणजे वाचणाऱ्यानं विचारायच्या आधीच शंकेचं उत्तर दिलं, आणि तेही आकड्यात.

मग अंतर. ४१० मेगापार्सेक, म्हणजे साधारण १३० कोटी प्रकाशवर्षं. पण शेजारी लिहिलंय की हा आकडा वर १६० नं आणि खाली १८० नं हलू शकतो. म्हणजे २३० पासून ५७० पर्यंत कुठेही. जवळजवळ अडीचपट फरक! शतकातला मोठा शोध, आणि लेखक उघडपणे सांगतात की अंतर आम्हाला नीट माहीत नाही. यानं पेपर कमकुवत झाला का? उलट. आपली चूक किती असू शकते हे ज्यानं मोजलंय, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

पुढे वस्तुमानं. एक कृष्णविवर ३६ सूर्यांएवढं, दुसरं २९. बेरीज करा: ६५. मिसळून झालेलं कृष्णविवर ६२. तीन कुठे गेले? तेही त्याच वाक्यात आहे: तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेलं. शाळेतल्या मुलालाही ताळा करता येईल असा हिशेब.

आणि 'पहिल्यांदाच' हा शब्द कुठे येतो? अगदी शेवटच्या वाक्यात. गुरुत्वीय लहरींची ही पहिली थेट नोंद आणि दोन कृष्णविवरं मिसळण्याचं पहिलं निरीक्षण, एवढंच. आधी आठ वाक्यांत पुरावा, मग एका वाक्यात दावा. इतिहास घडवलेल्या माणसांनी 'ऐतिहासिक' शब्द वापरला नाही.

यात आपल्याकडच्यांचाही हात आहे बरं का. गोंगाटातून असा संकेत वेगळा काढायच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुकामध्ये डॉ. संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पायाभूत काम केलं. आणि लायगोचं भारतातलं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथून पुढे निघणाऱ्या पेपरांचे ॲबस्ट्रॅक्ट कदाचित हा भाग ऐकणाऱ्यांपैकीच कुणीतरी लिहील.

इंजिनिअरिंगचा ॲबस्ट्रॅक्ट: 'किती बरं झालं?'

विज्ञानात प्रश्न असतो 'काय सापडलं?' इंजिनिअरिंगमध्ये प्रश्न असतो 'आधीपेक्षा किती बरं झालं, आणि त्याची किंमत काय?'

याचं उदाहरण तुमच्या खिशात आहे. चॅटजीपीटीमधला शेवटचा 'टी' म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरची रचना पहिल्यांदा मांडणारा गुगलच्या संशोधकांचा पेपर जून २०१७ मध्ये आर्काइव्हवर आला. आठ लेखक. त्यातल्या निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी कॉलेजात शिकलेल्या आहेत.

त्या ॲबस्ट्रॅक्टची बांधणी बघा. आधी एका दमात जुनी परिस्थिती: सध्याची चांगली मॉडेल्स गुंतागुंतीच्या जाळ्यांवर उभी आहेत. मग लगेच 'आम्ही काय सुचवतो': साधी रचना, जी फक्त 'अटेन्शन' वापरते, बाकीचं सगळं काढून टाकते. मग आकडा: इंग्रजीतून जर्मन भाषांतराच्या ठरलेल्या परीक्षेत २८.४ गुण, आधीच्या सगळ्यात चांगल्या निकालापेक्षा दोनहून जास्त. हे 'ब्लू' नावाचे गुण असतात. मशीननं केलेलं भाषांतर माणसाच्या भाषांतराशी किती जुळतं, ते त्यातून कळतं. मग किंमत: इंग्रजी ते फ्रेंचचा त्यांचा विक्रमी निकाल आठ जीपीयूंवर साडेतीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये आला.

नुसतं 'आमची पद्धत कार्यक्षम आहे' म्हणाले असते तर? कार्यक्षम म्हणजे काय, कुणापेक्षा, कशावर? आठ जीपीयू आणि साडेतीन दिवस म्हटलं की दुसऱ्या लॅबमधल्या माणसाला लगेच कळतं, हे मला परवडेल की नाही.

आणखी एक बघा. त्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये भाषांतर आहे, वाक्याची रचना ओळखणं आहे. 'यामुळे जग बदलेल' असं कुठेही नाही. पुढे जे झालं ते आपण सगळे बघतोय. पण जून २०१७ मध्ये त्यांनी जे मोजलं होतं, तेवढंच लिहिलं.

सरळ ॲबस्ट्रॅक्ट, फुगलेला ॲबस्ट्रॅक्ट

आता तीन उदाहरणं पटापट.

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगानं सांगितलं की जिनिव्हाजवळच्या सर्नपासून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत, साधारण ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा लवकर पोचले. किती लवकर? सुमारे ६०.७ नॅनोसेकंद. पण ॲबस्ट्रॅक्टमध्ये 'आइन्स्टाइन चुकला' असं नव्हतं. इतकं आधी पोचल्याचं मोजलं गेलं, आणि मोजण्यात चूक इतकी असू शकते, असं होतं. २०१२ मध्ये उलगडा झाला: मुख्य दोष एका नीट न बसलेल्या फायबर केबलचा होता. निकाल चुकला, पण ॲबस्ट्रॅक्ट खोटा नव्हता. त्यांनी मोजलं तेवढंच सांगितलं होतं, म्हणून चूक शोधणंही सोपं गेलं.

त्याच गोंधळावर २०११ मध्ये चार शास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला. त्यात आयआयटी खरगपूरच्या प्रज्ञा शुक्ला होत्या. पेपरच्या नावातच प्रश्न होता: न्यूट्रिनोंच्या या वेगाचा उलगडा क्वांटम मापनाच्या अमुक एका कल्पनेनं होईल का? आणि ॲबस्ट्रॅक्ट होता इंग्रजीतले दोन शब्द. अर्थ: बहुधा नाही. संपलं! गंमत म्हणून सगळे शेअर करतात तो, पण नीट बघा, शेवट सांगायचा नियम त्यांनी पुरेपूर पाळलाय.

तिसरं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. जुलै २०२३, एलके-९९. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी आर्काइव्हवर पेपर टाकला. ॲबस्ट्रॅक्टची सुरुवातच 'जगात पहिल्यांदा' अशी: साध्या तापमानाला, साध्या दाबाला चालणारा सुपरकंडक्टर, तोही ४०० केल्विन म्हणजे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत. इंटरनेट वेडं झालं. जगभरच्या लॅब्जनी तो पदार्थ बनवून बघितला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनंही बनवला, त्यांना सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही. काही आठवड्यांत लक्षात आलं की विद्युतरोध अचानक घसरल्यासारखा दिसतो, तो नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे.

चूक दोघांचीही झाली, ऑपेराची आणि एलके-९९ ची. फरक कुठे आहे? एकांनी आधी माप ठेवलं आणि अर्थ काढायचं टाळलं. दुसऱ्यांनी आधी अर्थ जाहीर केला आणि मापं मागे राहिली. आणि ज्यांनी फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचला, म्हणजे आपण जवळजवळ सगळे, ते त्या पहिल्या वाक्यावर नाचलो.

आता तुमचा

समजा तुमचा प्रोजेक्ट आहे ठिबक सिंचनाचा. मातीत सेन्सर, ओल कमी झाली की पाणी सुरू. नेहमीचा ॲबस्ट्रॅक्ट कसा असतो बघा:

"आजच्या आधुनिक युगात शेती हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे. पाणीटंचाई ही एक गंभीर समस्या आहे. या शोधनिबंधात आम्ही आयओटीवर आधारित स्मार्ट, कार्यक्षम व किफायतशीर सिंचन प्रणाली सादर करत आहोत. प्रणालीत विविध सेन्सर वापरले आहेत. निष्कर्ष समाधानकारक असून शेतकऱ्यांना याचा मोठा फायदा होईल."

पाच वाक्यं. यातून काय कळलं? शेती कणा आहे. ते आपल्याला तिसरीपासून माहीत आहे. हा परिच्छेद प्रोजेक्ट न करताही लिहिता येतो. हीच त्याची परीक्षा आहे, लक्षात ठेवा: काम न करता जे वाक्य लिहिता येतं, ते काढा.

आता हाच पुन्हा लिहू. आकडे मी उदाहरणासाठी मनानंच घेतलेत, हे आधीच सांगते:

"ठिबक सिंचन बऱ्याचदा ठरलेल्या वेळेला सुरू-बंद केलं जातं. जमिनीत ओल किती आहे, हे त्यात धरलं जात नाही. आम्ही मातीतली ओल मोजून व्हॉल्व्ह चालू-बंद करणारं यंत्र बनवलं आणि टोमॅटोच्या शेजारशेजारच्या दोन वाफ्यांवर ९० दिवस तपासलं: एका वाफ्याला हे यंत्र, दुसऱ्याला नेहमीचा टायमर. यंत्राच्या वाफ्याला २२ टक्के कमी पाणी लागलं. दोन्हींच्या उत्पादनात ठळक फरक दिसला नाही. सेन्सर दोनदा गंजून बंद पडला. चाचणी प्रत्येकी एकाच वाफ्यावर आणि एकाच हंगामात झाली असल्यानं इतर जमिनींसाठी पाणीबचतीचा हा आकडा गृहीत धरता येणार नाही."

'अहो, पण सेन्सर गंजला हे कशाला सांगायचं? मार्क जातील ना!' कशाला म्हणजे? पुढच्या वर्षी जो मुलगा हाच प्रोजेक्ट घेईल, त्याला सगळ्यात उपयोगी वाक्य तेच आहे. आणि परीक्षकाला त्यातूनच दिसतं की ही पोरं खरोखर ९० दिवस शेतात होती.

आता लिहायला बसताना काय करायचं, ते पटकन:

पहिलं, ॲबस्ट्रॅक्ट पानावर सगळ्यात वर असला तरी लिहायचा सगळ्यात शेवटी. निकाल हातात नसताना लिहिला की 'समाधानकारक'सारखे शब्द येतात.

दुसरं, आधी मराठीत बोला. इंग्रजीची धास्ती असेल तर हा उपाय करूनच बघा. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि वेगळ्या शाखेच्या मैत्रिणीला सांगतोय असं समजून त्या पाच प्रश्नांची उत्तरं द्या. एकेक वाक्य. मग ते ऐकून इंग्रजीत लिहा. साध्या वाक्यांचं इंग्रजी सोपं असतं. 'आधुनिक युगात'चं अवघड असतं, आणि त्याची गरजही नसते.

तिसरं, विशेषणांवर पेन्सिल फिरवा. 'जलद' दिसलं की विचारा, किती सेकंद? 'स्वस्त', किती रुपये? 'अचूक', किती टक्के, आणि किती नमुन्यांवर? उत्तर असेल तर विशेषणाच्या जागी तो आकडा टाका. उत्तर नसेल तर ते विशेषण तुमचं नाहीच.

चौथं, ॲबस्ट्रॅक्ट एकटा फिरतो हे विसरू नका. म्हणून 'आकृती ३ पाहा' नको. संदर्भांचे नंबर सहसा नकोत. 'नेचर'सारखी काही जर्नल्स अपवाद आहेत. आणि लघुरूप वापरलं तर पहिल्यांदा पूर्ण नाव.

पाचवं, शोधात सापडतील असे शब्द घाला. 'टोमॅटो', 'ठिबक', 'मातीतली ओल' हे शब्द ॲबस्ट्रॅक्टमध्ये नसतील, तर हाच विषय शोधणाऱ्याला तुमचा पेपर दिसणारच नाही.

आणि सहावं, कारण विचारणारच तुम्ही: एआयकडून लिहून घेऊ का? कॉलेजचा आणि कॉन्फरन्सचा नियम आधी बघा. नियमात बसत असेल तर भाषा तपासायला घ्या. पण तुमच्या वाफ्यात किती पाणी गेलं, हे त्याला माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते जागा भरायला गुळगुळीत वाक्यं देईल, म्हणजे पुन्हा तोच शेतीचा कणा. किंवा त्याहून वाईट, मनाचा आकडा देईल. आणि खाली नाव तुमचं असेल.

आणि ज्यांना लिहायचं नाही, त्यांच्यासाठी

घरच्या ग्रुपवर येतं ना, 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, अमुक काढा प्या, शुगर गायब'. काकांशी भांडू नका. पेपरचं नाव शोधा. पबमेडवर किंवा गुगल स्कॉलरवर ॲबस्ट्रॅक्ट बहुतेक वेळा फुकट वाचता येतो, आणि फोनवर मराठीत भाषांतरही करता येतं. वैद्यकीय पेपरांमध्ये तर सोय आहे: १९८७ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'नं उद्देश, पद्धत, निकाल, निष्कर्ष असे मथळे घालून ॲबस्ट्रॅक्ट लिहायचा प्रस्ताव मांडला, आणि आता ती रीत सगळीकडे दिसते.

त्यात चार गोष्टी बघा. प्रयोग कुणावर केला, माणसांवर, उंदरांवर की काचेच्या बशीतल्या पेशींवर? किती जणांवर? तुलना कशाशी केली? आणि निकालातला आकडा शेवटच्या वाक्यातल्या दाव्याएवढा मोठा आहे का? बारा उंदरांवरचा निकाल असेल आणि शेवटचं वाक्य सगळ्या मधुमेहींबद्दल बोलत असेल, तर त्या दोघांच्या मधे मोठी दरी आहे. ती दरी पाहूनच ठरवा, आजीच्या गोळ्या बंद करायच्या की नाही. आणि तो निर्णयही डॉक्टरांना विचारून, ॲबस्ट्रॅक्टला विचारून नव्हे.

चला तर, आज गृहपाठ आहे. तुमचा प्रोजेक्ट कुठलाही असो, पूर्ण झालेला असो की अर्धा, पाच वाक्यांचा मराठी गोषवारा रेकॉर्ड करून घरातल्या कुणालातरी ऐकवा. त्यांनी 'म्हणजे नक्की किती?' असं विचारलं, तर तिथे आकडा राहिलाय असं समजा. 'बरं, मग?' असं विचारलं, तर पाचवं वाक्य राहिलंय.

पुढच्या भागात पेपरमधल्या आलेखांबद्दल बोलू. अक्ष कापून साधा फरक डोंगराएवढा कसा दाखवतात, ते. तोवर ऐकत राहा, आणि फॉरवर्ड करायच्या आधी वाचत राहा. भेटू!